बोंडांतील शत्रु आणि मातींतील सोबती

जुन्नर आणि आंबेगांव या तालुक्यांत कोणी कपाशीचें शेत पाहावयास गेला, तर त्यास बहुधा हात हलवीतच परत यावें लागेल. कपाशीची खरी भूमि म्हणजे वऱ्हाड, खानदेश आणि मराठवाडा येथील काळी जमीन. घाटमाथ्याचा पाऊस, कुकडी-घोड नद्यांचें पाणी आणि पुण्या-मुंबईच्या बाजारपेठांची जवळीक यांमुळें या दोन तालुक्यांनीं टोमॅटो, कांदा, बटाटा, ऊस आणि द्राक्षें यांचाच संसार थाटलेला आहे. कापूस येथें भेटतो तो परसदारीं, देवकापसाच्या एखाद्या झाडावर. त्याच्या वाती वळाव्यात, वस्त्रमाळा कराव्यात, हें वडील बायकांचें दुपारचें काम अनेक घरांतून अद्यापि चालू आहे. बोंड उकलतांना कधीं कधीं शुभ्र कापसाऐवजीं चिकट, पिवळी पडलेली गांठ हातीं लागते आणि सरकींत एखादी चिमुकली अळी वळवळते. हात झटकून बोंड दूर टाकलें जातें. देवाच्या वातीला किडका कापूस चालत नाहीं, एवढ्यावर तो विषय संपतो.

वऱ्हाडांतील शेतकऱ्याच्या घरीं मात्र तो एवढ्यावर संपत नाहीं. अशाच किडक्या बोंडांपायीं तेथें कर्जें झालीं, विषबाधा झाल्या, माणसें गेलीं. आणि या अळीच्या बंदोबस्तासाठीं मनुष्याच्या हातीं आलेलें एक अतिशय नामी साधन पंधरा-सोळा वर्षांत बोथट होऊन बसलें. तें साधन एका सूक्ष्मजंतूपासून मिळालेलें होतें. त्याची हकीकत जुन्नर-आंबेगांवच्या टोमॅटो आणि ऊस पिकविणाऱ्या मंडळींनीं, आणि त्यांचा माल खाणाऱ्या आम्हां-तुम्हां गृहस्थांनींहि, नीट ऐकून घ्यावी असें आम्हांस वाटतें. कारण तसलेच मित्र-जंतु आज या दोन तालुक्यांच्या बांधावर येऊन उभे आहेत, आणि त्यांना आपण कसें वागवितों यावर पुष्कळ कांहीं अवलंबून आहे.

प्रथम शत्रूची ओळख करून घेऊं. टोमॅटो चिरतांना त्यावर एखादें वाटोळें भोंक दिसतें आणि अर्धें अंग फळांत व अर्धें बाहेर ठेवून बसलेली हिरवट अळी सांपडते, हें प्रत्येक गृहिणीनें पाहिलेलें आहे. शास्त्रज्ञ तिला हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा म्हणतात. हीच अळी हरभऱ्यावर गेली म्हणजे तिला घाटेअळी म्हणतात, तुरीवर गेली म्हणजे शेंगा पोखरणारी अळी म्हणतात, आणि कपाशीवर गेली म्हणजे हिरवी किंवा अमेरिकन बोंडअळी म्हणतात. सासरीं गेल्यावर मुलीचें नांव बदलण्याची जी चाल आपल्यांत आहे, तिचाच हा प्रकार, माणूस तेंच! हिचा पतंग रात्रीं उडतो, दूरवर जातो, आणि एकेक मादी कित्येक शें अंडीं सुटीं सुटीं कोंवळ्या पानांवर व कळ्यांवर घालीत हिंडते. पांढरी माशीहि अशीच दोन्हीं घरीं नांदणारी. ती कपाशीचा रस शोषते आणि टोमॅटोवर पानें मुरडणारा रोग पसरविते. देवकापसाच्या सरकींत जी दिसते ती बहुधा तिसरीच, गुलाबी बोंडअळी. आणि ही मात्र एकनिष्ठ आहे. आपल्याकडे ती जवळजवळ कपाशीवरच जगते. तिच्या या एकनिष्ठेचा परिणाम पुढें दिसेल.

या अळ्यांवर विषारी औषधें मारण्याचा मार्ग दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत मोकळा झाला. पाउल म्युलर या स्विस रसायनशास्त्रज्ञानें १९३९ सालीं डी.डी.टी.चा कीटकनाशक गुण शोधून काढला आणि १९४८ सालीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें, यावरूनच त्या वेळच्या जगाला केवढा हर्ष झाला होता तें कळून येईल. मग एकामागून एक नवीं विषें आलीं. १९८० च्या सुमारास आलेलीं पायरेथ्रॉइड वर्गाचीं औषधें कपाशीच्या शेतकऱ्यांना संजीवनीच वाटलीं. पण १९८७-८८ च्या हंगामांत आंध्रांतील कपाशीवर हिरव्या बोंडअळीनें धुमाकूळ घातला, तेव्हां तीं तिला पचूं लागल्याचें आढळलें. असें कां व्हावें? लाख अळ्यांमध्यें पांच-दहा अशा असतात, कीं ज्यांना तें विष सोसण्याची शक्ति उपजतच असते. फवारणीनें बाकीच्या मरतात, या उरतात, आणि पुढची पिढी यांचीच होते. प्रत्येक फवारणीबरोबर आपण जणूं बळकट अळी निवडून काढून तिची पैदास करीत जातों. शिवाय त्याच फवाऱ्यांत शेतांतील रक्षकहि मरतात: मावा खाणारे ढालकिडे, क्रायसोपाचीं पिलें, कोळी, आणि बोंडअळीच्या अंड्यांतच आपलीं अंडीं घालणारी ट्रायकोग्रामा नांवाची, डोळ्यांना जेमतेम दिसणारी गांधीलमाशीची धाकटी बहीण. चोरानें घर फोडलें म्हणून गुरख्यालाच हाकलून द्यावें, तसा हा न्याय.

आतां मित्रांकडे वळूं. मौजेची गोष्ट ही कीं, या मित्रांचा शोध प्रथम शत्रु म्हणूनच लागला. आपल्या घरीं सोवळ्याला जें रेशीम लागतें, त्या रेशमाच्या किड्यांना इटलींत एक रोग होत असे. किडा मरून ताठ होई आणि त्याच्या अंगावर पिठासारखी पांढरी बुरशी चढे. लोदी शहराच्या आसमंतांत राहणाऱ्या आगोस्तिनो बासी या गृहस्थानें वर्षानुवर्षें प्रयोग करून १८३५ सालीं दाखवून दिलें कीं, या रोगाचें कारण ती बुरशीच असून तो एका किड्यापासून दुसऱ्यास लागतो. पाश्चरचें नांव जगाला ठाऊक होण्यापूर्वींची ही गोष्ट. ती बुरशी आज बासीच्याच नांवावरून ब्यूव्हेरिया बासियाना म्हणून ओळखली जाते, आणि शेतकरी ती पिकावरील किडींसाठीं विकत घेतो. पुढें १९०१ सालीं जपानांत इशिवाता यांना रेशमाच्या किड्यांस पटापट मारणारा निराळा एक जंतु आढळला. १९११ सालीं जर्मनींतील अर्न्स्ट बर्लिनर यांना थुरिंगिया प्रांतांतील एका पिठाच्या गिरणींतून आलेल्या पतंगांच्या अळ्यांत तसाच जंतु सांपडला. आपल्या डब्यांतील जुन्या पिठांत जाळ्या धरून ज्या अळ्या बसतात, त्यांच्याच भाऊबंदांपैकीं या अळ्या. प्रांताच्या नांवावरून बर्लिनर यांनीं १९१५ सालीं जंतूचें नांव बॅसिलस थुरिंजिएन्सिस असें ठेविलें. आज सर्वतोमुखीं झालेलें बी.टी. हें त्याचेंच संक्षिप्त रूप.

हा जंतु मातींत राहतो आणि आपल्या अंगांत प्रथिनाचा एक सूक्ष्म स्फटिक तयार करतो. अळीनें तो पानाबरोबर गिळला म्हणजे तिच्या आंतड्यांतील क्षारयुक्त रसांत तो विरघळतो, आंतड्याच्या अस्तराला भोंकें पाडतो आणि अळीचें खाणें बंद पडून ती दोन-तीन दिवसांत मरते. मनुष्याच्या जठरांतील रस आम्ल असतो आणि त्या प्रथिनाला धरून ठेवणारें कुलूपहि आपल्या आंतड्यांत नसतें. म्हणून ही किल्ली आपल्याकडे चालत नाहीं. फ्रान्समध्यें १९३८ सालींच या जंतूची भुकटी कीटकनाशक म्हणून बाजारांत आली होती. तिच्यांत एक उणीव होती. उन्हानें तिचा गुण लवकर जातो. आज फवारलें तर चार दिवसांनीं पुन्हां फवारावें लागतें. ही उणीवच एका अर्थीं तिची राखण करीत होती, हें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं.

पुढें विज्ञानानें ही उणीव नाहींशी केली. स्फटिक बनविण्याचा गुण जंतूच्या ज्या जनुकांत असतो, तें जनुकच कपाशीच्या अंगांत घालण्यांत आलें. म्हणजे मुळापासून बोंडापर्यंत झाड स्वतःच तें प्रथिन बनवूं लागलें. जालना येथील महिको कंपनीनें अमेरिकेंतील मोन्सँटो कंपनीच्या साहाय्यानें केलेल्या अशा संकरित वाणांना मार्च २००२ मध्यें केंद्र सरकारकडून परवानगी मिळाली. २००६ सालीं दोन जनुकें असलेले वाण आले. पहिलीं वर्षें उत्तम गेलीं. हिरव्या बोंडअळीचा उपद्रव ओसरला, तिच्यासाठीं होणाऱ्या फवारण्या खरोखरच कमी झाल्या. हें बियाणें म्हणजे आरंभापासून शेवटपर्यंत निव्वळ कपट होतें, असें म्हणणाऱ्यांशीं आमचें जुळत नाहीं. घरांत येणाऱ्या विषाच्या बाटल्या कमी होणें ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु गुलाबी बोंडअळी स्वस्थ बसलेली नव्हती. जेथें पाहावें तेथें बी.टी. कपाशी, आणि अळी तर कपाशीखेरीज दुसरें खाईना. पर्यायच नसल्यामुळें तिच्या प्रत्येक पिढीला याच विषाशीं सामना करणें भाग पडलें. हें होऊं नये म्हणून एक तोड सांगितलेली होती: शेताच्या कडेनें साध्या कपाशीच्या कांहीं ओळी लावाव्यात. त्यांवर साध्या अळ्या जगतील, त्यांचे पतंग बळकट अळ्यांच्या पतंगांशीं संग करतील, आणि बळकटपणा पातळ होत राहील. बियाण्याच्या पिशवीबरोबर साध्या बियांची एक लहान पुडीहि मिळत असे. शेतकऱ्यांनीं ती बहुधा बांधावर फेंकून दिली. किडीला मुद्दाम खाऊं घालण्यासाठीं पीक लावावयाचें, हें ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याला कोणीं आणि कसें पटवावें? त्याला दोष देण्यापूर्वीं ही गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे.

दुसरें कारण बियाण्यांतच होतें. आपल्याकडे हें जनुक संकरित वाणांत घातलेलें असल्यामुळें शेतांतील झाडाच्या बोंडांत ज्या सरक्या धरतात, त्यांत एका जनुकाच्या वाणांत सरासरीनें चारांतील एक सरकी निर्विष निघते. गुलाबी अळी तर सरकीच खाते. एका सरकींत विष, शेजारचींत नाहीं. असें थोडथोडें चाखून ती अफूला सरावणाऱ्या माणसाप्रमाणें विषाला सरावली, असें म्हटल्यास वर्णन अगदीं शास्त्रशुद्ध होणार नाहीं, तरी मतलब कळेल. निर्विष सरकीच्या आधारानें मध्यम शक्तीच्या अळ्याहि तगल्या आणि त्यांचा वंश वाढला. तिसरें कारण फरदड. वेंचणी आटोपल्यावर पऱ्हाट्या उपटून टाकण्याऐवजीं पाणी असलेला शेतकरी डिसेंबरनंतरहि कपाशी राखतो आणि आणखी चार मण कापूस घेतो. त्या चार मणांबरोबर तो अळीलाहि बारमाही अन्नछत्र घालून देतो.

गुजराथेंतील अमरेलीसारख्या जिल्ह्यांत एका जनुकाच्या कपाशीला गुलाबी अळी दाद देत नाहीं, हें २०१० सालीं जाहीर झालें. आणखी पांच-सहा वर्षांत दोन जनुकांचे वाणहि तिनें पचविले. २०१७ च्या हंगामांत महाराष्ट्रांत सर्वत्र बोंडें किडलीं. त्याच वर्षीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करतां करतां विषबाधा होऊन सुमारें वीस शेतकरी व मजूर मृत्यु पावले आणि शेंकडों रुग्णालयांत गेले. त्या वर्षीं कपाशी माणसाच्या उंचीहून वर वाढली होती. डोक्यावरून फवारा मारावा लागे, तो वाऱ्यानें तोंडावर येई. दोन-तीन औषधें एकत्र कालविण्याची चाल पडली होती. आणि तोंडावर फडक्यापलीकडे आवरण नव्हतें. ज्या साधनामुळें फवारणी सुटावयाची, तेंच लंगडें पडल्यावर फवारणी दुप्पट वेगानें परत आली. गुलाबी अळी बोंडाच्या आंत असते आणि तिच्या प्रवेशाचें भोंक लवकरच बुजून जातें. म्हणजे बाहेरचें विष तिच्यापर्यंत पोंचतहि नाहीं! तें पोंचतें फवारणाऱ्याच्या छातींत.

हा त्या जंतूचा दोष होता काय? अमेरिकेंत त्याच जंतूच्या जनुकाची कपाशी ॲरिझोना आदि प्रांतांत लावली गेली. तेथें साध्या कपाशीच्या ओळींचा नियम पाळला गेला, पतंगांना भुलविणारा मादीचा कामगंध शेतांत सोडून नरांना चकविण्यांत आलें, कोट्यवधि वंध्य पतंग विमानांतून सोडले, हंगाम संपतांच पऱ्हाट्या नांगरून गाडल्या. ऑक्टोबर २०१८ मध्यें गुलाबी बोंडअळीचें तेथून उच्चाटन झाल्याची सरकारी घोषणा झाली. शस्त्र एकच असून एकीकडे तें इतर चौघांच्या जोडीला होतें, दुसरीकडे त्या एकट्यावर सारा भार टाकून बाकीचे झोंपीं गेले. आतां वऱ्हाडांतहि कामगंध सापळे लावावेत, गुलाबासारख्या मिटलेल्या डोमकळ्या वेंचून नष्ट कराव्यात, निंबोळी अर्क फवारावा, ट्रायकोग्रामाचीं कार्डें टांगावीं आणि फरदड घेऊं नये, असा उपदेश होतो. उपदेश योग्य आहे. तो पंधरा वर्षें आधीं अंमलांत यावयास हवा होता.

आतां जुन्नरकडे परत येऊं. येथें बी.टी. बियाण्याचा प्रश्नच नाहीं. आपल्या देशांत जनुक घातलेला टोमॅटो विक्रीस नाहीं, आणि बी.टी. वांग्यालाहि २०१० सालीं स्थगिति मिळाली. तेव्हां मंडईंत कोणी कांहीं सांगितलें तरी गृहिणींनीं त्या भीतीनें टोमॅटो टाकूं नयेत. प्रश्न आहे तो फवारणीचा. नारायणगांवच्या बाजार-आवारांत हंगामांत टोमॅटोच्या क्रेटांच्या थप्प्या लागतात. वीस किलोच्या क्रेटला जुलै २०२३ मध्यें दोन हजार रुपयांहून अधिक भाव मिळाला. इतर वेळीं वाहतुकीचा खर्चहि न निघाल्यामुळें तोच माल रस्त्याकडेला ओतला गेलेला आहे. अशा जुगारांत एका भोंकाच्या फळानें क्रेटची प्रत उतरते, म्हणून शेतकरी हात राखीत नाहीं. प्रत्येक औषधावर फवारणी आणि तोडणी यांमध्यें अमुक दिवस जाऊं द्यावेत असें छापलेलें असतें. पण टोमॅटोची तोड दोन-चार दिवसांआड चालते, फळ झाडावर थांबत नाहीं, आणि भाव तर त्याहून थांबत नाहीं. निष्कलंक, गोल, चकचकीत फळच हवें असा आग्रह धरणारे आपण गिऱ्हाइकहि या फवारणीचे वांटेकरी आहों, हें मान्य केलें पाहिजे. किंचित् डाग असलेला टोमॅटो आमटींत तितकाच आंबट लागतो.

शत्रूहि वाढले. दक्षिण अमेरिकेंतून आलेली टुटा नांवाची पानें व फळें पोखरणारी नागअळी २०१४ सालीं आपल्या देशांत प्रथम आढळली ती पुणें भागांतच. २०२० च्या उन्हाळ्यांत जुन्नर, अकोलें, संगमनेर या पट्ट्यांत फळें एकसारखीं न पिकतां त्यांवर पिवळे-हिरवे पट्टे पडूं लागले. लोकांनीं त्यास तिरंगा म्हटलें. बंगळूरच्या फलोद्यान संशोधन संस्थेच्या तपासणींत काकडीवरील मोझॅक रोगाचा विषाणु त्यांत निघाला. हा विषाणु मावा पसरवितो. विषाणूवर फवारण्याचें औषध नाहीं. मावा खाणारे ढालकिडे जर आपणच मारून टाकले असतील, तर मग कोणाच्या तोंडाकडे पाहावयाचें?

परंतु सर्वच विषाणु आपले वैरी नाहींत. हिरव्या अळीला होणारा एक विषाणुजन्य रोग आहे, त्याला एन.पी.व्ही. म्हणतात. रोग जडलेली अळी वेड लागल्यासारखी झाडाच्या शेंड्याकडे चढत जाते, मागच्या पायांनीं फांदी धरून खालीं डोकें करून लोंबकळते आणि तेथेंच मरते. तिची त्वचा फाटून आंतील द्रव खालच्या पानांवर ठिबकतो, तीं पानें खाणाऱ्या अळ्यांना तोच रोग लागतो. अशा सुमारें अडीचशें अळ्यांचा अर्क एका हेक्टरास पुरतो. हा विषाणु या अळीखेरीज दुसऱ्या कोणास, मधमाशीला वा माणसाला, बाधत नाहीं. उन्हानें मात्र तो मरतो, म्हणून सायंकाळीं फवारावा लागतो. आणि पांढऱ्या कपड्यांना झळाळी आणण्यासाठीं धुण्यांत जी पूड घालतात तीच त्यांत चिमूटभर मिसळली तर उन्हापासून त्याचें कांहींसें रक्षण होतें. आपल्या न्हाणीघरांतील वस्तु अशी शेतीच्या उपयोगी पडावी, याचें आम्हांस कौतुक वाटतें. अळी लहान असतांनाच तो लागू पडतो, आणि मरावयास तिला चार ते सात दिवस लागतात. या चार दिवसांचा धीर हीच खरी अडचण आहे. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मेलेल्या अळ्या मोजावयाची ज्याला संवय झाली, त्याला हें औषध पाण्यासारखें वाटतें.

रोपवाटिकेंत ट्रायकोडर्मा नांवाची हिरवी बुरशी उपयोगी पडते. कोंवळ्या रोपांची मान कुजविणाऱ्या आणि मर रोग आणणाऱ्या बुरशींच्या धाग्यांना ती विळखा घालून खाते. हरभऱ्याच्या बियांना गुळाच्या पाण्यांत कालविलेलें रायझोबियम चोळून सावलींत सुकविलें, म्हणजे मुळांवर गांठी धरतात आणि हवेंतील नत्र जमिनींत येतो. मुलें सुटींत शेतावर गेलीं तर त्यांना हरभऱ्याचें एक रोप हळूच उपटून गांठ चिरावयास सांगावें. आंत गुलाबी रंग दिसला तर तेथें जंतूंचें काम चालू आहे असें समजावें. पाठ्यपुस्तकांतल्या चित्रापेक्षां ती गांठ अधिक लक्षांत राहील.

उसाची गोष्ट थोडी विस्तारानें सांगितली पाहिजे. जुन्नरला विघ्नहर आणि आंबेगांवला भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने, आणि त्यांच्या भोंवतीं उसाचे मळे. उसाचा गुप्त वैरी म्हणजे हुमणी. वळिवाचा पहिला चांगला पाऊस पडला कीं, त्याच सायंकाळीं जमिनींतून तपकिरी भुंगेरे बाहेर पडतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोर यांवर जमतात. रात्रभर तेथें खाणें आणि मीलन चालतें; पहांटे ते पुन्हां जमिनींत जातात आणि अंडीं घालतात. त्यांतून निघालेल्या अळ्या मुळें खातात. ऊस वाळला म्हणून उपटावा तर तो हातांत सहज येतो, मुळें नसतातच. वर्षाकांठीं हिची एकच पिढी होते, म्हणजे भुंगेऱ्याचे ते थोडेसे दिवस साधले तर वर्ष साधलें. गांवांतील सगळ्यांनीं एकाच सायंकाळीं कंदील आणि घमेलीं घेऊन निघावें, फांद्या हलवून भुंगेरे पाडावेत आणि रॉकेलमिश्रित पाण्यांत टाकावेत, हा उपाय फुकटचा आहे. अडचण एवढीच, कीं एकट्यानें तो करून चालत नाहीं. शेजारच्या बांधावरचा कडुनिंब कोणाचा, यावरून ज्यांचें बोलणें बंद आहे अशा दोन घरांनाहि त्या सायंकाळीं एका झाडाखालीं उभें राहावें लागतें.

जमिनींत गेलेल्या अळीसाठीं मेटारायझियम नांवाची बुरशी शेणखतांत मिसळून सरींतून देतात. अळीच्या त्वचेवर पडलेला तिचा बीजाणु रुजतो, आंत शिरतो, आणि कांहीं दिवसांनीं अळी ताठ होऊन तिच्यावर हिरवी बुरशी चढते. एका जातभाईपासून ती दुसऱ्यास लागत जाते. या बुरशीची किडीवर प्रथम योजना करणारा पुरुष म्हणजे इल्या मेच्निकॉव्ह. रशियांतील ओडेसा येथें १८७९ सालीं गव्हाच्या भुंगेऱ्यांवर त्यानें ती शोधली आणि शेतांत मुद्दाम पसरविण्याची कल्पना मांडली. पुढें १९०८ सालीं त्याला रक्तांतील रक्षक पेशींच्या शोधाबद्दल नोबेल पारितोषिकाचा अर्धा वांटा मिळाला. दह्या-ताकांतील जंतु आंतड्याला हितकारक असून दीर्घायुष्य देतात, हें मत युरोपांत गाजविणाराहि तोच. आपल्याकडे विरजणाची कवडी शेजारणीकडून मागून आणणाऱ्या बायकांना जंतूची ही मैत्री पूर्वापार ठाऊक होती. दुधांतली मैत्री आणि मातींतली मैत्री एकाच माणसानें ओळखावी, हें मात्र विशेष.

या साऱ्याची माहिती व साहाय्य आतां दूर नाहीं. नारायणगांव येथें ग्रामोन्नति मंडळाचें कृषि विज्ञान केंद्र आहे, राहुरीस महात्मा फुले कृषि विद्यापीठ आहे, त्याच्याच पुण्यांतील कृषि महाविद्यालयांत मित्रकीटक आणि मित्र-जंतु यांवर दीर्घकाळ संशोधन झालेलें आहे, आणि उसासाठीं मांजरीची वसंतदादा साखर संस्था आहे. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं वडिलोपार्जित चार-दोन एकर अजून राहिले आहेत आणि ते कोणाकडे वांट्यानें कसावयास दिले आहेत, त्यांनीं भाव आणि वांटा यांखेरीज यंदा औषध काय मारलें हेंहि विचारावें. फवारणाऱ्याला हातमोजे आणि तोंडावरचें आवरण घेऊन देणें हें मालकाचें काम आहे. तें त्याच्या मजुरींतून कापूं नये.

मात्र बाटलीवर जैविक असा शब्द दिसला म्हणून भुलून जाऊं नये. जैविक म्हणून विकलेल्या मालांत रासायनिक विष मिसळलेलें आढळल्याचीं उदाहरणें आहेत. दुसऱ्या दिवशींच सर्व अळ्या पालथ्या पडल्या तर संतोष मानण्याऐवजीं संशय घ्यावा. हे जंतु जिवंत असतात. पत्र्याच्या दुकानांत, वैशाखाच्या उन्हांत, मागच्या वर्षापासून पडून राहिलेल्या पाकिटांत त्यांतील किती जिवंत असतील? घरीं आणल्यावरहि पाकीट सावलींत, थंड जागीं ठेवावें, आणि मित्र-बुरशी देण्याच्या आगेंमागें बुरशीनाशक औषध मारूं नये. पुष्कळ ठिकाणीं दोन्ही एकाच टांकींत कालवितात आणि मग मित्र निरुपयोगी ठरला म्हणून बोभाटा करतात. खरेदी करतांना नोंदणी क्रमांक, तयार केल्याची तारीख आणि मुदत हीं तिन्ही पाहावीं, आणि पावती मागून घ्यावी. पाकिटांतले जंतु मेलेले निघाले तर तक्रार करावयास हातीं कागद हवा.